स्टेटन आयलंडचे अमर बिऱ्हाड : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ‘व्हॉट वुई डू इन द शॅडोज’ या, न्यूयॉर्क शहरातील स्टेटन आयलंडवर एकाच घरात राहणाऱ्या व्हॅम्पायरांच्या, म्हणजे रक्त पिऊन जगणाऱ्या अमर पिशाच्चांच्या, अमेरिकी विनोदी मालिकेचा मी चार ओळींत उल्लेख केला होता आणि त्या चार ओळींवर इतकी पत्रे येतील अशी माझी मुळीच कल्पना नव्हती. काहींनी मालिका डोक्यावर घेतली आहे, काहींनी दोन भागांतच ती सोडून दिली आहे, आणि सर्वांत संतापलेली पत्रे मात्र ज्यांनी ती सहाही पर्वे निष्ठेने पाहिली त्यांचीच आहेत. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी तिसऱ्या उत्तरापासून पुढे जपून वाचावे, कारण तेथून कथानकातील वळणे उघड केलेली आहेत.

मुलाच्या आग्रहावरून आम्ही उभयतांनी दोन भाग पाहिले. रक्ताच्या चिळकांड्या, अर्वाच्य भाषा आणि मध्येच कॅमेऱ्याकडे वळून बोलणारी माणसे, यात हसण्यासारखे नेमके काय आहे?
— निवृत्त शिक्षिका, नाशिक

आपल्या तक्रारीतील पहिल्या दोन गोष्टी मी विनाअट मान्य करतो. ही मालिका घरातील लहानथोरांनी एकत्र बसून पाहण्याची नव्हे आणि आपल्या चिरंजीवांनी हे आधीच सांगायला हवे होते. हसू न येण्याचे कारण मात्र थोडे वेगळे असावे असे मला वाटते. आपण भुताखेतांची गोष्ट समजून पाहायला बसलात, आणि ही आहे एका बिऱ्हाडाची गोष्ट. तिचे मूळ २०१४ सालच्या याच नावाच्या न्यूझीलंडमधील चित्रपटात आहे. जेमेन क्लेमेंट आणि टायका वायटीटी या दोघांनी तो लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात कामेही केली. वेलिंग्टन शहरात एकत्र राहणाऱ्या व्हॅम्पायरांच्या त्या घरातला एक मोठा तंटा असा, की एकाने भांडी घासण्याची आपली पाळी पाच वर्षे चुकवलेली आहे. २०१९ च्या मार्चमध्ये एफएक्स वाहिनीवर सुरू झालेल्या मालिकेने पात्रे सगळी नवी घेतली, गाव बदलले, पण ती न घासलेली भांडी बरोबर आणली.

या घरात एकेकाळचा क्रूर लढवय्या नँडोर, इंग्रज उमराव लाझलो आणि त्याची ग्रीक बायको नाद्या राहतात. शेकडो वर्षांपूर्वी त्यांना नवे जग जिंकण्याच्या कामगिरीवर धाडण्यात आले होते. पहिल्याच भागात त्यांचा जुन्या मुलखातला सरदार, बॅरन, पेटीत बसून येतो आणि किती प्रदेश जिंकला याचा हिशेब मागतो, तेव्हा यांच्या ताब्यात जेमतेम स्वतःची गल्ली असते. तोंडची भाषा दिग्विजयाची आणि घरात मात्र कोणी कोणाचे ऐकत नाही, या तफावतीवर मालिकेतला निम्माअधिक विनोद उभा आहे. रक्त हे निमित्त आहे.

कॅमेऱ्याविषयी सांगायचे तर मालिकेची मांडणी खोट्या माहितीपटाची आहे. एक चित्रीकरण पथक या घरात राबता ठेवून आहे असे गृहीत धरलेले असते. तिघे व्हॅम्पायर कॅमेऱ्यापुढे फुशारक्या मारतात आणि त्यांचा मानवी सेवक गिएर्मो काही न बोलता फक्त भिंगाकडे पाहतो. घरात थोरामोठ्यांचा वाद रंगलेला असताना दारात अवघडून उभ्या असलेल्या पाहुण्याकडे सुनेने टाकावा, तसा तो कटाक्ष असतो. आपण दुसऱ्यांदा प्रयत्न करणार असाल तर संवादांपेक्षा हार्वी गियेन या नटाच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवून पाहावे, अशी माझी विनंती आहे. तरीही हसू आले नाही तर मालिका खुशाल सोडून द्यावी.

जॅकी डेटोना कोण आहे? मालिकेचे नाव काढताच माझ्या वर्गातली प्रत्येक व्यक्ती याच नावाचा जप करते. आठ-दहा भाग पाहूनही तो मला कुठे भेटलेला नाही.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

तो आपल्याला दुसऱ्या पर्वाच्या सहाव्या भागात भेटेल. ‘ऑन द रन’ असे त्या भागाचे नाव असून स्टेफनी रॉबिन्सन यांनी तो लिहिला आहे. लेखनाच्या एमी पुरस्कारासाठी त्याला नामांकनही मिळाले होते. जिम नावाचा एक व्हॅम्पायर जुने थकलेले भाडे मागत लाझलोच्या दारात उभा राहतो. द्वंद्वाला घाबरून लाझलो पळ काढतो आणि पेनसिल्व्हेनियात जातो, कारण त्या नावात त्याला ट्रान्सिल्व्हेनियाचा नाद ऐकू येतो. तेथे तो जीन्स चढवतो, दातांत एक काडी धरतो, दारूचा गुत्ता चालवायला घेतो आणि ‘मी जॅकी डेटोना, साधासुधा मनुष्यप्राणी’ अशी ओळख करून देऊ लागतो. गाव त्याला क्षणात आपला मानते. तोही गावातल्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघासाठी जिवाचे रान करतो. प्रत्यक्ष वैरी समोर येऊन बसतो, गप्पा मारतो, पण ती काडी तोंडात आहे तोवर त्यालाही पत्ता लागत नाही.

मराठी प्रेक्षकाला ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही. एक मिशी चिकटवली किंवा एक धाबळी पांघरली की सख्खी बायको नवऱ्याला ओळखत नाही, हा करार आपण फार्सात आणि वगात पिढ्यान्‌पिढ्या मान्य करत आलो आहोत. फार्सातला नट मात्र सोंग उघडे पडेल म्हणून धास्तावलेला असतो आणि प्रेक्षक त्याच्या धांदलीला हसतात. मॅट बेरी यांचा लाझलो जराही धास्तावलेला नाही. त्याचा भारदस्त नाटकी आवाज, त्याचे उमरावी शब्दोच्चार सगळे जसेच्या तसे आहेत, आणि तरीही त्या काडीवर त्याचा पूर्ण विश्वास आहे. शिवाय, व्हॉलीबॉल संघाविषयीची त्याची कळकळ खरी आहे. शेकडो वर्षे माणसांना केवळ अन्न म्हणून पाहणारा हा गृहस्थ खोटा माणूस झाल्यावर पहिल्यांदा माणसासारखा वागतो, आणि हे लेखिकेने एकाही वाक्यात बोलून दाखवलेले नाही.

भाडे मागणाऱ्या जिमच्या भूमिकेत मार्क हॅमिल आहेत; ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या तलवारबाजीसाठी जगभर ओळखला जाणारा हा नट येथे गुत्त्यात मारामारी करतो, हा त्यातला आणखी एक गंमतीचा पदर. भाग प्रसारित झाला तो २०२० चा मे महिना होता. लोक घरात अडकलेले होते, गावाचा अड्डा, खेळाचे सामने, ओळखीचा गुत्तेवाला हे सगळे बंद होते, आणि अशा वेळी हा भाग समोर आला. पुढच्या पर्वांतील प्रत्येक भागाची तुलना याच्याशी झाली, आणि ती अन्यायकारक होती असेही मला वाटते. कारण येथे लाझलो एकटा आहे, आणि मालिकेची खरी ताकद चौघेपाचजण एका दिवाणखान्यात कोंडलेले असताना दिसते.

कॉलिन रॉबिन्सन आमच्या कार्यालयात लेखा विभागात बसतो. हा प्रश्न नसून निवेदन आहे. प्रश्न असा, की ‘एनर्जी व्हॅम्पायर’ला मराठी प्रतिशब्द काय करावा?
— एक वाचक, मुंबई

आपले निवेदन जगभरातल्या प्रेक्षकांनी आपापल्या कार्यालयांविषयी केलेले आहे, तेव्हा लेखा विभागाने ते मनाला लावून घेऊ नये. त्याच घरात राहणाऱ्या कॉलिनचे हे पात्र मूळ चित्रपटात नव्हते, ते मालिकेची स्वतःची कमाई आहे. मार्क प्रॉक्श यांचा कॉलिन उन्हात हिंडतो, कार्यालयात नोकरी करतो, रक्ताला शिवत नाही. तो समोरच्याला कंटाळवाण्या माहितीने आणि बारीकसारीक दुरुस्त्यांनी इतका थकवतो की त्या माणसाची शक्ती याच्या अंगात उतरते. पहिल्या पर्वात त्याची एक सहकारीण येते, ती रडगाणी गाऊन दया वसूल करते आणि त्यावर जगते. दोघांची जोडी जमते तेव्हा सबंध कार्यालय माना टाकते. दुसऱ्या पर्वात कॉलिनला बढती मिळते. आता त्याची बडबड ऐकणे हाताखालच्यांना सक्तीचे होते, आणि त्याच्या डोक्यावर केस उगवू लागतात. वरिष्ठाच्या अधिकाराचे इतके नेमके वर्णन मी कोणत्याही गंभीर मालिकेत पाहिलेले नाही.

प्रतिशब्दाविषयी म्हणाल, तर इंग्रजीला जी कल्पना नव्याने मांडावी लागली ती मराठीत बोलण्यातच मुरलेली आहे. आपण एखाद्याला ‘रक्त पिऊ नकोस’ म्हणतो आणि ‘डोके खाऊ नकोस’ असेही म्हणतो, आणि दोन्ही वेळा आरोपी तोच असतो. म्हणून ‘डोकेखाऊ’ हा शब्द मी सुचवीन. कोणी ‘शक्तिपिपासू’ सुचवले आहे, पण तो शब्द उच्चारतानाच थोडी शक्ती जाते.

गोव्याहून एका वाचकांनी याला जोडूनच विचारले आहे की व्हॅम्पायरला सरळ ‘वेताळ’ का म्हणू नये. म्हणण्याचा प्रयत्न पूर्वी झाला आहे, पण उलट दिशेने. वेताळाच्या कथा १८७० साली इंग्रजीत आणताना रिचर्ड बर्टन यांनी पुस्तकाच्या नावातच वेताळाला ‘व्हॅम्पायर’ करून टाकले. ज्या प्रदेशात वेताळाची देवळे आहेत आणि बेताळभाटीसारखे गावाचे नाव त्याच्यावरून पडले आहे, तेथील माणसाला हे पटणार नाही, आणि पटूही नये. वेताळ प्रेताच्या आश्रयाने राहतो, पण पंचविशीतला वेताळ रक्त पीत नाही. तो राजाच्या खांद्यावर बसतो, लांबलचक गोष्ट सांगतो, शेवटी अडचणीचा प्रश्न टाकतो आणि राजाने तोंड उघडले की पुन्हा झाडावर जाऊन लटकतो, म्हणजे राजाला परत पहिल्यापासून पायपीट. नीट पाहिले तर नँडोर आणि लाझलो यांच्यापेक्षा वेताळाचे गोत्र कॉलिनशी अधिक जुळते.

व्हॅम्पायर आरशात दिसत नाहीत, मग माहितीपटाच्या कॅमेऱ्यात कसे दिसतात?
— एक वाचक, सोलापूर

दिसले नाहीत तर मालिकाच होणार नाही, हे प्रामाणिक उत्तर आहे. गंमत अशी की ब्रॅम स्टोकर यांनी १८९७ च्या आपल्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीसाठी केलेल्या टिपणांत, काउंट ड्रॅक्युलाचे छायाचित्र घेतले तर ते काळे किंवा सापळ्यासारखे येते, असा नियम लिहून ठेवला होता. कादंबरीत मात्र त्यांनी तो वापरला नाही. त्याच कादंबरीत काउंट दिवसाउजेडी फिरतोही. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर मरतो हा नियम १९२२ सालच्या एका जर्मन मूकपटापासून रूढ झाला. म्हणजे हे शास्त्र प्रत्येक पिढीने सोयीनुसार दुरुस्त केलेले आहे. या मालिकेने कॅमेऱ्यापुरती सूट घेतली आणि ऊन टाळण्याची आणि निमंत्रणावाचून परक्या घरात न शिरण्याची बंधने पाळली, कारण त्यांतून विनोद निघतो.

मी न्यू जर्सीत राहते. स्टेटन आयलंड आमच्यापासून एका पुलापलीकडे आहे आणि तेथे जाण्यासारखे काही नाही असेच सगळे म्हणतात. लेखकांनी हीच जागा का निवडली असावी? आणि नँडोरच्या नागरिकत्वाच्या भागाला मी हसावे की रडावे?
— एक वाचक, न्यू जर्सी

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच वाक्यात आहे. न्यूयॉर्क शहराच्या पाच विभागांपैकी हा ‘विस्मृतीत गेलेला विभाग’ म्हणून ओळखला जातो. १९९३ साली तेथील मतदारांनी शहरापासून फुटून निघण्याच्या बाजूने सुमारे ६५ टक्के कौलही दिला होता, जो पुढे कागदावरच राहिला. जग जिंकायला निघालेली मंडळी बोटीतून उतरली आणि मॅनहॅटन समोर दिसत असताना त्याच्या अलीकडच्या काठावरच थांबली, यातच त्यांचे सारे चरित्र आले. चित्रीकरण मात्र कॅनडातील टोरांटोत झाले.

नागरिकत्वाचा भाग हा पहिल्या पर्वातला आठवा भाग. नँडोरला अमेरिकेचा नागरिक व्हायचे आहे, पण ज्या अल कोलनिदार देशाचा तो राजा होता तो देश आता नकाशावरच नाही, आणि शपथेतला ‘देव’ हा शब्द उच्चारताच त्याचे तोंड भाजते. परदेशी गेलेल्या मराठी वाचकांची या भागावरची पत्रे इतरांहून वेगळी आहेत. त्यांनी अर्ज भरले आहेत, रांगेत बसून प्रश्नोत्तरे पाठ केली आहेत, जन्मगावाच्या रकान्यात आता अस्तित्वात नसलेल्या तालुक्याचे नाव लिहिताना अडखळले आहेत. केवान नोव्हाक हे नट अशा वेळी चेहऱ्यावर जो गोंधळ आणतात, त्यात राजेपणाचा तोरा आणि खिडकीपुढे उभ्या असलेल्या अर्जदाराचे ओशाळलेपण एकाच वेळी दिसते. आपण हसावे, दुसऱ्यांदा पाहताना काय होईल याची हमी मी देत नाही.

गिएर्मोवर लेखकांनी घोर अन्याय केला आहे. पाच पर्वे वाट पाहायला लावून त्याला व्हॅम्पायर केले आणि काही भागांतच परत माणूस करून टाकले. नँडोर आणि त्याचे प्रेम तर शेवटपर्यंत टोलवत ठेवले. हा प्रेक्षकांचा विश्वासघात नव्हे काय?
— एक वाचक, कोल्हापूर

या आशयाची पत्रे सर्वांत जास्त आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मालिका सुरू होते तेव्हा गिएर्मोने नँडोरची दहा वर्षे सेवा केलेली आहे. प्रेते पुरायची, शवपेटीचे झाकण उघडायचे, मालकाच्या अंगावर झगा चढवायचा, आणि या सगळ्याच्या मोबदल्यात एक दिवस व्हॅम्पायर होण्याचे आश्वासन. दहावे वर्ष पूर्ण होते तेव्हा तो मोठ्या आशेने उभा राहतो आणि नँडोर त्याला चमकी लावून केलेले दोघांचे चित्र भेट देतो. ज्यांनी कोणत्याही कार्यालयात रोजंदारीवर वर्षे काढली आहेत त्यांना या प्रसंगाचे भाषांतर लागणार नाही; त्याला ‘कायम’ करायचे आहे, येथे अक्षरशः कायम, आणि साहेब दरवर्षी दिवाळीच्या मिठाईचा पुडा हातात ठेवतात. प्रेक्षक गिएर्मोच्या बाजूला गेले ते याच क्षणी, आणि पुढे तो व्हॅम्पायरांचा काळ असलेल्या व्हॅन हेल्सिंगच्या वंशातला निघतो तेव्हा तर ते कायमचे त्याचे झाले.

आता मालिकेची अडचण पाहा. ज्यांना मरण नाही अशा माणसांविषयीचा हा विनोद आहे. ती बदलत नाहीत म्हणूनच ती विनोदी आहेत. पण प्रेक्षकाचे मन सहा वर्षे त्याच दिवाणखान्यात जाऊन बसले की त्याला बदल हवासा वाटतो. नँडोरला शहाणपण यावे, गिएर्मोचे भले व्हावे, लाझलोने जीव लावावा. लेखक दर पर्वात बदलाचे दार किलकिले करतात आणि मग लावून घेतात. याचे सर्वांत बोचरे उदाहरण गिएर्मोचे नसून कॉलिनचे आहे. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस कॉलिन मरतो, त्याच्या देहातून एक बाळ बाहेर येते, आणि चौथ्या पर्वभर लाझलो त्याला बापाच्या मायेने वाढवतो. मोठ्या माणसाचे डोके बसवलेले ते मूल अनेकांना किळसवाणे वाटले, तशी पत्रेही आली आहेत. पण पर्वाच्या शेवटी त्या मुलाला भिंतीमागे कॉलिनच्या जुन्या रोजनिश्या सापडतात आणि तो पुन्हा पूर्वीचा रटाळ कॉलिन होतो. लाझलोचे वात्सल्य त्याला आठवत नाही. लाझलो समोर उभा असतो आणि त्याला बोलता येत नाही. त्या प्रसंगाला कोणी विश्वासघात म्हटले नाही, कारण तेथे नुकसान झाले आहे हे मालिकेला ठाऊक होते आणि तिने थांबून ते दाखवले.

गिएर्मोच्या बाबतीत हे थांबणे कमी पडले, इतपत आपली तक्रार मला मान्य आहे. २०२३ च्या पाचव्या पर्वात तो डेरेक या परक्या व्हॅम्पायरकडून स्वतःला चावून घेतो, कारण घरचा साहेब कधीच चावणार नव्हता. त्याचे वंशरक्त रूपांतर अडवून धरते. आणि जेव्हा ते एकदाचे पूर्ण होते तेव्हा त्याच्या लक्षात येते की माणसाचा जीव घेणे आपल्याला जमणार नाही. ही कल्पना उत्तम आहे. इतकी वर्षे ज्या नोकरीची आस धरली तिचे खरे काम पहिल्या दिवशी कळावे आणि आपण त्यासाठी घडलेलो नाही हे उमगावे, यासारखी दुःखान्त गोष्ट नाही. पण ती पर्वाच्या शेवटच्या टप्प्यात उरकली गेली. चावणाऱ्या डेरेकचा वध होतो, त्यामुळे गिएर्मो पुन्हा माणूस होतो, सहाव्या पर्वात गुंतवणुकीच्या एका कंपनीत नोकरीला लागतो. त्या निर्णयाबरोबर त्याने दोन-तीन भाग राहायला हवे होते. निर्णय चुकला असे मात्र मी म्हणणार नाही. तो व्हॅम्पायर होऊन सुखाने नांदला असता, तर दिवसाउजेडी जगणाऱ्या आपल्यासारख्यांचा त्या घरातला एकुलता प्रतिनिधी गेला असता, आणि कॅमेऱ्याकडे पाहायला कोणी उरले नसते.

प्रेमाविषयी आपल्याशी वाद घालण्याचा माझा इरादा नाही. दोघांमधला ओलावा लेखकांनी जाणीवपूर्वक पेरला होता, तो प्रेक्षकांच्या कल्पनेचा खेळ नव्हता. त्याला नाव न देण्याचा त्यांचा हक्क आहे आणि आपला रागही रास्त आहे.

शेवटच्या भागात आमच्या घरी एक शेवट दिसला आणि मैत्रिणीच्या घरी दुसराच. आम्हा दोघींपैकी कोण खोटे बोलत आहे?
— एक वाचक, ठाणे

कोणीही नाही. १६ डिसेंबर २०२४ रोजी प्रसारित झालेल्या अंतिम भागात चित्रीकरण पथक सांगते की आता पुरेसे चित्रण झाले, आम्ही निघतो. गिएर्मो कोसळतो, व्हॅम्पायरांना काहीच वाटत नाही, कारण आपल्यावर पूर्वीही एकदा माहितीपट निघाला होता आणि तो कोणी पाहिला नाही, हे त्यांना आठवते. समाधानकारक शेवट हवा म्हणून गिएर्मो कासावीस होतो तेव्हा नाद्या प्रेक्षकांवरच संमोहन टाकते आणि प्रत्येकाला त्याच्या मनासारखा शेवट दिसेल असे जाहीर करते. त्यानंतरचा तुकडा वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगवेगळा आहे आणि प्रत्येक तुकडा कोणत्यातरी जुन्या चित्रपटाच्या किंवा मालिकेच्या प्रसिद्ध शेवटाची नक्कल आहे. आपणा दोघींना दोन आवृत्त्या मिळाल्या, इतकेच.

त्यानंतरचे दृश्य मात्र सर्वांना सारखे आहे. गिएर्मो नँडोरचा निरोप घेतो, दिवे मालवून बाहेर पडतो, आणि थोड्या वेळाने परत येतो; मग दोघेही एकाच शवपेटीत आडवे होतात आणि ती पेटी सरकत जमिनीखाली जाते. आपण तेथवर न थांबता नामावली सुरू होताच संच बंद केला असेल, तर तेवढी दोन मिनिटे पाहून घ्यावीत.